कॅनिस्टर फिल्टरची सफाई: झाकण उघडल्यापासून पुन्हा वीज सुरू करेपर्यंत गळती कशी टाळावी

मत्स्यटाकीच्या स्टँडखाली ठेवलेला कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीतील पाणी नळीने ओढून, गाळून परत वर सोडणारा बंद डबा, एरवी महिनोन्‌महिने बिनबोभाट चालतो, आणि गळायला लागतो तो बहुधा सफाईनंतरच्या पहिल्या काही तासांत. यात दोष यंत्राचा क्वचितच असतो. झाकणाखालच्या रबरी रिंगवर चिकटलेला वाळूचा कण, खाचेत मुरडून बसलेली रिंग, नीट न बसलेली आतली टोपली किंवा अर्धवट दाबलेली क्लिप यांपैकी एखादेच कारण सापडते, आणि ही सर्व कारणे फिल्टर हातात असतानाच निर्माण झालेली असतात. म्हणून गळती थांबवण्याच्या उपायांपेक्षा सफाईची पद्धत पक्की असणे अधिक महत्त्वाचे आहे. विदर्भातील खेड्यांत त्याला आणखी दोन गोष्टींची जोड मिळते: बोअरच्या जड पाण्यामुळे साचणारा पांढरा थर आणि न सांगता जाणारी-येणारी वीज.

प्रथम गळतीमागचे बळ समजून घ्यावे. टाकीतील पाण्याची पातळी फिल्टरच्या झाकणापेक्षा साधारण पाऊण ते एक मीटर उंच असते. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ग्रॅम भरतो. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होत असल्याने त्या झाकणाला आतून वर ढकलणारे एकूण बळ २५ ते ३० किलोच्या घरात जाते. एवढे बळ चार-सहा क्लिपा आणि एक रबरी रिंग रात्रंदिवस पेलत असतात. हा दाब मोटारीमुळे नव्हे, तर उंचीमुळे निर्माण होतो, आणि म्हणूनच ‘लाईन गेली म्हणजे गळतीही थांबेल’ हा समज चुकीचा आहे. मोटार बंद असली तरी व्हॉल्व्ह उघडे असतील, तर टाकीतील पाणी सायफनने, म्हणजे भरलेल्या नळीतून आपोआप, खाली येतच राहते.

हे पाणी किती येईल, याचाही हिशेब एकदा करून ठेवावा. तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकीतील पातळी केवळ १५ सेंटिमीटरने उतरली, तरी ६० लिटरांहून अधिक पाणी जमिनीवर आलेले असते. शहाबादी फरशीवर ते लगेच दिसते. शेणाने सारवलेल्या जमिनीत मात्र बारीक पाझर मुरत राहतो, वरून नुसती ओल दिसते, आणि लक्षात येईपर्यंत स्टँडच्या पायाखालची जमीन मऊ झालेली असते. भरलेल्या टाकीचे वजन पाहता स्टँडचा एक पाय खचणे हे पाणी सांडण्यापेक्षा मोठे संकट आहे. सारवलेल्या खोलीत टाकी असेल, तर स्टँडखाली फरशीचे तुकडे किंवा जाड फळी टाकून घेणे शहाणपणाचे ठरते.

उघडण्यापूर्वी

सफाईसाठी सकाळची वेळ निवडावी, म्हणजे नंतरचे काही तास फिल्टरवर लक्ष ठेवता येते. लग्नाला, बाजाराला किंवा शेतावर जाण्यापूर्वी घाईने उरकण्याचे हे काम नव्हे. झोपण्यापूर्वी तर मुळीच नव्हे. एक मोठे घमेले, दोन कोरडे सुती फडके, जुना दात घासण्याचा ब्रश, सिलिकॉन ग्रीस, जुने वर्तमानपत्र आणि टाकीतूनच काढलेले बादलीभर पाणी जवळ ठेवावे.

पहिले काम म्हणजे प्लग सॉकेटमधून उपसून काढणे. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण वीज गेलेली असताना बटण बंद आहे की चालू, याचा घरातील इतरांना पत्ता नसतो, आणि लाईन परत येताच मोकळा फिल्टर कोरडाच फिरू लागतो. त्यानंतर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून जोडणी सोडवावी. अनेक फिल्टरांत दोन्ही नळ्या एकाच ठोकळ्यात बसवलेल्या असतात आणि दांडी पूर्ण फिरवल्याशिवाय तो ठोकळा सुटत नाही. ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून तिथे जोर लावू नये. व्हॉल्व्ह नसलेल्या जुन्या बनावटीच्या फिल्टरांत पाणी ओढणारी नळी, आणि परतीची नळी बुडलेली असेल तर तीही, टाकीतून वर काढून सायफन मोडावा लागतो. १६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या दीड मीटर नळीत सुमारे ३०० मिलिलिटर पाणी असते, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद नसेल तर तेवढे पाणी हमखास सांडते. सांडण्याचे ठिकाण विजेच्या बोर्डापासून दूर असेल, एवढे पाहावे.

फिल्टर घमेल्यात ठेवून न्हाणीत किंवा अंगणात न्यावा. क्लिपा एका बाजूने ओळीने न उघडता समोरासमोरच्या जोडीने उघडाव्यात. झाकण चिकटून बसले असेल, तर बरेचदा आत निर्वात झालेला असतो. अशा वेळी सुटलेल्या ठोकळ्याच्या ठिकाणाहून थोडी हवा आत जाऊ द्यावी आणि झाकण दोन्ही हातांनी सरळ वर उचलावे. पेचकस घालून झाकण उचकटण्याचा मोह आवरला पाहिजे. पेचकसाने रिंगच्या बैठकीवर पडलेला एक ओरखडा नवीन रिंग आणूनही बुजत नाही, आणि तिथून होणारा पाझर कायमचा मागे लागतो.

रिंग: जिथे वेळ द्यायचा ती जागा

सफाई म्हटली की बहुतेक जण आत भरलेल्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगांवर (पाणी गाळणाऱ्या चिनीमातीच्या छोट्या कड्यांवर) अर्धा तास घालवतात आणि झाकणाच्या रिंगवरून एकदा बोट फिरवून मोकळे होतात. वेळेची ही वाटणी उलटी करायला हवी.

रिंग खाचेतून बोटाने किंवा आइस्क्रीमच्या लाकडी काडीने अलगद काढावी. साध्या पाण्याने धुवावी. साबण, रॉकेल किंवा पेट्रोल लावू नये. मग ती दाराशी, उजेडात, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हळूहळू पूर्ण फेरी फिरवावी. डोळ्याला न दिसणारा कण बोटाला जाणवतो. किंचित ताणून पाहिले असता बारीक चिरा उघड्या पडतात. ज्या रिंगचा छेद मुळात गोल होता आणि आता तिच्या दोन बाजूंना सपाटी आली आहे, ती आपली लवचीकता गमावून बसली आहे असे समजावे. घरात कुकर वापरणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको: शिटी होण्याऐवजी कडेने वाफ जाऊ लागली की रिंग वरून धडधाकट दिसत असूनही बदलावी लागते. फिल्टरच्या रिंगची चाचणी अशी: ती खाचेत बसवल्यावर खाचेच्या कडेपेक्षा थोडी वर उठून दिसली पाहिजे. कडेबरोबर सपाट दिसत असेल, तर क्लिपा कितीही आवळल्या तरी ती दाबली जाणार नाही.

आता खाच आणि झाकण टेकते ती कड. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, तसेच इतरत्रही जिथे बोअरचे जड पाणी टाकीत जाते तिथे, या कडेवर पांढरट, खरखरीत थर हमखास आढळतो. हा थर दोन प्रकारे बोलका असतो. एक तर तो स्वतःच रिंगला उंचसखल बैठक देतो. दुसरे म्हणजे, फिल्टरच्या बाहेरच्या अंगाला झाकणाच्या सांध्याखाली पांढरी रेघ किंवा ओघळ दिसत असेल, तर तिथून पाणी पाझरत आहे आणि खाली पडण्याआधीच वाळून क्षार मागे ठेवत आहे, हे निश्चित. उन्हाळ्यात असा मंद पाझर ओला कधीच दिसत नाही. दिसते ती ही रेघ. म्हणून सफाईपूर्वी फिल्टर बाहेरून पुसण्याआधी तो एकदा निरखून पाहावा, कारण फडके फिरले की पुरावा गेला.

थर काढण्यासाठी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस त्या जागी दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, नंतर जुन्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावे. व्हिनेगर नसल्यास लिंबाचा रसही चालतो, मात्र तो निकालाला वेळ लावतो. रिंग स्वतः आम्लात भिजत ठेवू नये. ब्लेड, चाकू, तारेची घासणी यांचा या जागेशी संबंध येऊ देऊ नये.

स्वच्छ आणि कोरड्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. रिंग चमकली पाहिजे, ग्रीसचे गोळे दिसता कामा नयेत. जास्त ग्रीस धूळ आणि वाळू धरून ठेवते. घरात व्हॅसलीन असते, मोटारपंपाचे ग्रीस असते, खोबरेल तर असतेच, आणि यांपैकी काहीतरी लावून काम भागवण्याकडे कल असतो. तसे करू नये. खनिज तेलापासून बनलेले पदार्थ काही प्रकारच्या रबराला फुगवतात आणि मऊ करतात. आपल्या रिंगचे रबर कोणते, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. मोटारपंपाचे ग्रीस तर माशांच्या पाण्याजवळही नको.

हीच काळजी नळ्यांच्या ठोकळ्याखाली असलेल्या लहान रिंगांचीही घ्यावी. या दोन लहान रिंगा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाहीत. ठोकळा वर्षानुवर्षे कोरडा काढला आणि कोरडाच बसवला, तर त्या घासून झिजतात, आणि पाणी झाकणाच्या वरच्या भागावरून ओघळून सांध्यापर्यंत येते. पाहणारा मोठ्या रिंगवर संशय घेत बसतो. गळतीचा उगम नेहमी ओल्या जागेपेक्षा वर शोधावा.

आतील सामान

स्पंज आणि सिरॅमिक रिंगा टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळखळून घ्याव्यात. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते, आणि त्यातील क्लोरीन घाण पचवणाऱ्या उपयुक्त जिवाणूंना मारते. हा विषय गळतीचा नसला तरी सांगून ठेवलेला बरा. गळतीशी थेट संबंध आहे तो सामान भरण्याचा. टोपल्या एकमेकींवर घट्ट बसल्या पाहिजेत, त्यांचे कान खाली दुमडलेले असले पाहिजेत आणि वरच्या टोपलीत सामान कडेपेक्षा वर येता कामा नये. फुगलेला स्पंज किंवा एखादी सिरॅमिक रिंग झाकणाला एका बाजूने मिलिमीटरभर जरी उचलून धरत असेल, तरी विरुद्ध बाजूची क्लिप लागते आणि ही बाजू लागल्यासारखी वाटते.

झाकण ठेवण्यापूर्वी कड कोरड्या फडक्याने पुन्हा पुसावी. पाणवनस्पतींचा तंतू, माशाचे खवले आणि टाकीतील बारीक वाळू या तीन गोष्टी शेवटच्या क्षणी येऊन बसतात. झाकण दोन्ही तळव्यांनी सरळ खाली दाबावे, फिरवत बसवू नये, आणि क्लिपा पुन्हा समोरासमोरच्या जोडीने लावाव्यात. सर्व क्लिपांना सारखाच जोर लागला पाहिजे. एखादी क्लिप इतरांपेक्षा जड जात असेल, तर तिच्यावर गुडघा न टेकवता झाकण पुन्हा उघडून टोपल्या आणि रिंग पाहाव्यात. क्लिपा तुटतात त्या याच हट्टाने.

विजेविना चाचणी

या टप्प्याला मी सर्वाधिक महत्त्व देईन, आणि खेड्यात तर त्याचे दुहेरी मोल आहे, कारण ही चाचणी लाईन नसतानाही करता येते. फिल्टर बाहेरून पूर्ण कोरडा करावा आणि जागेवर, पसरट परातीत अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवावा. ठोकळा बसवून आधी पाणी ओढणारा व्हॉल्व्ह उघडावा, पाणी आत उतरू द्यावे, आणि मग दुसरा व्हॉल्व्हही उघडून आतील हवा परतीच्या नळीने वर जाऊ द्यावी. आता प्लग न लावता अर्धा तास थांबावे. वर सांगितलेले २५-३० किलोचे बळ या वेळी झाकणावर पूर्ण असते, म्हणजे परीक्षा खरीच होते. कोरड्या टिश्यू पेपरचा तुकडा किंवा वर्तमानपत्राची पट्टी झाकणाच्या सांध्याखालून सावकाश फिरवावी. कागदावरचा लहानसा ओला ठिपकाही नेमकी जागा दाखवतो. खाली अंथरलेल्या कागदावर ओलसर वर्तुळ उमटले असेल, तर ‘थोडेसेच आहे, आपोआप बसेल’ असे म्हणून पुढे जाऊ नये. आपोआप बसत नाही.

अर्धा तास कोरडा गेल्यावरच प्लग लावावा. पहिली काही मिनिटे परतीच्या नळीतून बुडबुडे येतील. फिल्टर हलकेच तिरपा केल्यास अडकलेली हवा लवकर निघते. तासाभराने पुन्हा कागद फिरवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. बुडबुडे दुसऱ्या दिवशीही थांबले नसतील, तर ओढणाऱ्या बाजूच्या जोडणीतून फिल्टर हवा खेचत असण्याची शक्यता आहे. हीसुद्धा गळतीच, फक्त पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, आणि मोटार थांबताच त्याच जागेतून पाणी बाहेर येऊ शकते. या संदर्भात आणखी एक सवय मोडावी: प्रवाह कमी करायचा असेल तर परतीच्या बाजूचा व्हॉल्व्ह वापरावा, ओढणाऱ्या बाजूचा कधीही आवळू नये.

नळ्या आणि ऋतू

चंद्रपूर किंवा अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखालील खोलीत नळ्या मऊ पडतात आणि आवळणी नसेल तर तोंडावरून सरकतात. डिसेंबर-जानेवारीत उलट घडते: नळी ताठर होते, पहाटेच्या थंडीत रबर कडक होते आणि सफाई करताना नळी वाकवली की टोकाशी चीर जाते. हिवाळ्यात रिंग आणि नळीचे टोक कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवून मगच बसवावे. टोक सैल किंवा पिवळट-ताठर झाले असेल, तर धारदार ब्लेडने दोन-तीन सेंटिमीटर काटकोनात कापून नवे टोक बसवावे. नळी मुळात थोडी लांब ठेवण्याचा फायदा इथे मिळतो. नळीच्या तोंडावर ग्रीस मात्र लावू नये, कारण तिथे घर्षणच हवे असते.

पाणी ओढणाऱ्या नळीला टाकीच्या आत, पाण्याच्या पातळीखाली काही सेंटिमीटरवर, एक लहान छिद्र पाडून ठेवण्याची युक्ती उत्तम आहे. गळती झाली आणि पातळी त्या छिद्राच्या खाली गेली की हवा आत शिरून सायफन मोडतो आणि टाकी रिकामी होत नाही. परतीची नळी पाण्यात बुडलेली असेल, तर तिलाही तसेच छिद्र हवे. मात्र छिद्र पृष्ठभागाच्या फार जवळ पाडल्यास विदर्भातील उन्हाळ्यात ते अंगाशी येते. कोरड्या हवेत, त्यातही कूलरचा झोत टाकीवर येत असेल तर, पातळी रोज उतरते. छिद्र उघडे पडते आणि फिल्टर हवा ओढून खडखडू लागतो. उन्हाळ्यात पाणी रोज वर आणण्याची तयारी असेल, तरच छिद्र वर ठेवावे. छिद्रात शेवाळ साचते, म्हणून दर सफाईत ते काडीने मोकळे करावे.

वीज, आणि गळती झालीच तर

विजेचा बोर्ड फिल्टरपेक्षा उंच असावा आणि वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. जमिनीवर टाकलेला एक्स्टेंशन बोर्ड टाकीच्या खोलीत ठेवूच नये. घरात चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. छतावरील पाण्याची टाकी भरल्यावर वाजणारा बॅटरीवरचा बझर विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. त्याची तार फिल्टरखालच्या परातीत सोडली, तर रात्रीची गळती झोपेतही कळते. परात स्वतः चार-सहा लिटरच धरते, तेव्हा तिचे काम गळती सामावणे नसून वेळ मिळवून देणे आहे.

जमिनीवर पाणी दिसले, तर बोर्ड ओला आहे का ते आधी दुरून पाहावे. ओला असल्यास मीटरजवळचा मेन स्विच कोरड्या हाताने, कोरड्या जमिनीवर उभे राहून बंद करावा. नसल्यास प्लग काढून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत. व्हॉल्व्ह अडकला असेल, तर ओढणारी नळी, आणि परतीची नळी बुडलेली असेल तर तीही, टाकीबाहेर काढावी.

दीर्घकाळ वीज नसेल, तर बंद डब्यातील पाण्याचा प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात. कित्येक तासांनी लाईन आल्यावर ते कुबट पाणी तसेच टाकीत सोडण्यापेक्षा फिल्टर उघडून ओतून देणे बरे. उघडला म्हणजे रिंग, खाच आणि अर्ध्या तासाची चाचणी हे सर्व पुन्हा आलेच; घाईत ही पुनरावृत्ती टाळली जाते आणि लांबलेल्या भारनियमनानंतर गळतीच्या तक्रारी वाढतात त्या यामुळे.

मोठी रिंग, ठोकळ्याच्या लहान रिंगा आणि दोन क्लिपा फिल्टरच्या मॉडेल क्रमांकानुसार आधीच मागवून सावलीत, पिशवीत बंद करून ठेवाव्यात. तालुक्याच्या गावी पंपाच्या दुकानात मिळती-जुळती ओ-रिंग सापडते, पण जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरकही इथे चालत नाही. मॉडेल जुने असेल, तर नागपूर किंवा अमरावतीला जाणाऱ्याच्या हाती जुनी रिंगच नमुना म्हणून द्यावी, मापाचा कागद नव्हे. डब्याला किंवा झाकणाला तडा गेला असेल, तर एम-सील किंवा झटपट चिकटणारा गोंद लावून तो पुन्हा दाबाखाली ठेवू नये. तो भाग बदलावाच लागतो. सुटा भाग येईपर्यंत सिरॅमिक रिंगा आणि स्पंज जाळीच्या पिशवीत भरून टाकीतच, हवेच्या पंपाच्या बुडबुड्यांजवळ लटकवून ठेवावेत आणि माशांचे खाणे निम्म्यावर आणावे. हवेचा पंप बॅटरीवर चालणारा असल्यास लाईनचीही वाट पाहावी लागत नाही.